वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची

नोकरीचे अनुभव लिहायचे तर माणूस निवृत्त तरी झालेला असावा किंवा मोठा तरी असावा. मी दोन्ही नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील यवतमाळकडे कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहेत. ते गावात सांगतात, पोरगी पुण्याला कोर्टात आहे. मी कोर्टात नाही, कोर्टासमोर आहे. समोरच्या टायपिंगच्या दुकानात चार वर्षं अर्धवेळ काम करते, एवढ्याच भांडवलावर हे लिहिते आहे. चूकभूल झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं, असं लिहिणार होते. पण या चार वर्षांत लोकांना स्वतःच्या आईचं नाव चुकताना मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की माझ्या चुकांचं मला आता फारसं वाटत नाही.

दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. त्यात दोन टायपरायटर आणि मी आले त्या वर्षी घेतलेला एक कॉम्प्युटर. त्याच्यावर मालकीणबाई संध्याकाळी दुपट्यासारखं फडकं पांघरतात. मालकीणबाई म्हणजे करंदीकरबाई. कसब्यात राहतात, रोज चालत येतात आणि दिवसभरात मोजकंच बोलतात; पण जे बोलतात ते ऐकणाऱ्याला घरी गेल्यावरही आठवतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं, नाव विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून मी "यवतमाळ" आहे. "यवतमाळ, कार्बन घाल." "यवतमाळ, तुझं तोंड का उतरलंय?" वगैरे.

बाहेरच्यांना आमचा धंदा कळत नाही, म्हणून सांगते. माणूस आहे, हे पुरत नाही. तो आहे असं कागदावर दिसावं लागतं. ते आम्ही करून देतो. स्टॅम्प पेपरवर "मी अमुक अमुक, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की" अशी सुरुवात करून मजकूर टाइप करायचा, खाली सही किंवा अंगठा घ्यायचा आणि शेजारच्या नोटरीवकिलांचा शिक्का आणायचा. शिक्का बसला की गोष्ट खरी झाली, असं धरून पुढचं सगळं जग चालतं.

यातही सगळ्यात जास्त खपाचं प्रतिज्ञापत्र "एकच व्यक्ती"चं. पुरुषाचं नाव जन्मभर एकच राहतं, त्याला ते लागत नाही. बाईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव वेगळं. रेशनकार्डावर तिसरंच, ते कुणी आणि का घातलं हे विचारायला गेलं तर घरात भांडण. मग आम्ही लिहितो : "वरील दोन्ही नावे माझीच असून मी एकच व्यक्ती आहे." दिवसाला दहा-बारा. मी आले तेव्हा ही संख्या फुगत चालली होती. गावोगावची मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाली होती, मागोमाग त्यांच्या बायका, आणि नऊ महिन्यांनी बाळंतपणासाठी आया. मुलांचे कागद चोख असायचे. आईची वेळ आली की कळायचं, की जिने यांना जन्म दिला तिच्या जन्माचा कुठे पत्ताच नाही.

प्रभात रोडवरचे एक गृहस्थ आले होते, बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. बायकोचा पासपोर्ट काढायचा होता. मी विचारलं, "बाईंचं माहेरचं नाव काय?"

"सौभाग्यवती वसुधा."

"ते सासरचं झालं. लग्नाआधीचं?"

ते विचारात पडले. मग म्हणाले, "तेहेतीस वर्षांच्या संसारात तशी कधी गरज पडली नाही."

करंदीकरबाईंनी मान वर न करता फोन त्यांच्यापुढे सरकवला. "घरी करा आणि विचारा. दोन रुपये कॉल. तेहेतीस वर्षांच्या मानानं स्वस्त आहे."

पलीकडून बहुधा हसण्याचा आवाज आला असावा. कारण गृहस्थ फोनवर रागाने म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?"

जन्मतारखेचाही असाच प्रकार. "एक जून टाका," असं मुलगा परस्पर सांगतो. शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्या वर्गाला एक जूनला जन्माला घातलं, ही आपल्याकडची जुनीच रीत. एका बाई मात्र हळूच म्हणाल्या, "मी भोगीच्या दिवशी झाले. आई सांगायची, तीळ भाजताना कळा आल्या."

"आई, तू मध्ये बोलू नकोस गं," मुलगा म्हणाला.

"फॉर्म त्यांचा आहे," करंदीकरबाई म्हणाल्या. "मध्ये तुम्ही आला आहात."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायचे. पण तेवढंच. मला स्वतःला असं बोलायला कधी जमलं नाही. कुणी गिऱ्हाईक मला चहावाली समजून "दोन स्पेशल सांग गं" म्हणालं तर मी खरोखर जाऊन सांगून यायचे. एकदा बाईंनी ते पाहिलं. "सांगितलास चहा? आता त्यांना म्हणावं, प्रतिज्ञापत्र चहावाल्याकडून टाइप करून घ्या."

याच दिवसांत कॉलेजात "एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांची स्थिती" हा पाच गुणांचा प्रश्न होता. बालविवाह, केशवपन, सती, शिक्षणाचा अभाव. चार मुद्द्यांचे चार गुण आणि पाचवा अक्षराचा. पुढे सुधारणा झाल्या, असं सरांनी सांगितलं. ते मी वहीत उतरवून घेतलं, खाली पट्टीने रेघ मारली आणि दुकानात येऊन वीस नावांच्या दहा बायका केल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही. मी मन लावून शिकणारी विद्यार्थिनी होते, आणि मन लावून शिकणाऱ्याला प्रश्नाबाहेरचं सहसा दिसत नाही.

माझी एकच सवय इतर टायपिस्टांपेक्षा वेगळी होती. सही-अंगठ्याआधी मी प्रत्येकीला मजकूर वाचून दाखवायचे. माझ्या आईचे अंगठे कुठे कुठे घेतले गेले ते मला माहीत आहे, आणि त्यांतला एकही कागद तिला कुणी वाचून दाखवला नव्हता. बाई कुरकुरायच्या. "आपण टायपिस्ट आहोत, कीर्तनकार नाही. रांग बघ." पण त्यांनी मला कधी थांबवलं नाही.

त्या सवयीमुळेच हौसाबाईंचं प्रकरण झालं.

हौसाबाई मुळशी रस्त्यावरच्या एका गावच्या. ते गाव आता गाव राहिलेलं नाही. जिथे त्यांचा ज्वारीचा पट्टा होता तिथे काचेची इमारत आहे. त्या वेळी त्या साठीच्या असतील. नऊवारी, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात रुपयाएवढा चांदीचा पत्रा. त्याला टाक म्हणतात. त्यावर बाईची आकृती ठोकलेली होती. बरोबर मुलगा राजेंद्र, नव्या जीपची किल्ली बोटाभोवती फिरवत. त्यांची मुलगी मंगल अमेरिकेत होती. पहिलंच बाळंतपण, दिवस भरायला अडीच महिने.

"मॅडम, एकदम अर्जंट," राजेंद्र म्हणाला. "डॉक्टरनं तिला झोपून राहायला सांगितलंय. जावयाला सुट्टी नाही. आई पोचलीच पाहिजे."

मी कागद पाहिले. शाळेचा दाखला दुसरीपर्यंतचा, नाव हौसा, माहेरचं. रेशनकार्डावर आणि मतदार यादीत पत्नीचं नाव सुभद्रा. "हौसाबाई मारुती" असा, नवऱ्याचं नाव लागलेला कागद एकही नाही. नेहमीचीच केस. पंधरा मिनिटांत मजकूर तयार झाला. मी हौसाबाईंना समोर बसवून वाचू लागले : "माझे माहेरचे नाव हौसा असून सासरचे नाव सुभद्रा आहे. वरील दोन्ही नावे माझीच..."

"न्हाई," हौसाबाई म्हणाल्या.

"काय नाही, मावशी?"

"ती मी न्हाई."

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी पुन्हा, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. राजेंद्र चिडला. "अगं, नावात काय आहे? इतकी वर्षं मत दिलंस ना त्याच नावानं?"

"शाई बोटाला लावत्यात, नावाला न्हाई. आन् तवा वाचून कोन दाखवलं? ह्या पोरीनं पयल्यांदा वाचलं."

आता मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. मी त्यांना भाषण दिलं. मावशी, लग्नात बदललेल्या नावाला घाबरायचं नसतं, जुन्या समजुती सोडायला हव्यात, तुमची लेक तिकडे अडलेली आहे, वगैरे. पाच गुणांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना तोंडी देत होते. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग गळ्यातला टाक दोन बोटांत धरून पुढे केला.

"ही सुभद्रा."

"ती देवी आहे ना?" राजेंद्र म्हणाला.

"देवी न्हाई. तुज्या बापाची पयली बायकू."

राजेंद्रच्या हातातली किल्ली फिरायची थांबली. "आम्ही तिच्या पाया पडून परीक्षेला जायचो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते कळलं नाही.

मग कळलं ते असं. सुभद्रा पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वर्षाच्या आत हौसाबाई त्या घरात आल्या. दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो, म्हणजे तिची नजर लागत नाही, अशी रीत. तो सासूने घातला. रेशनकार्डावरचं नाव मात्र कुणी बदललं नाही. पत्नीच्या रकान्यात एक बाई होती, घरातही एकच बाई होती. हिशोब जुळत होता. खेप घालायचा कंटाळा, दुसरं कारण काही नाही. पुढे कार्डं नवी झाली, सुभद्राचं वय दर खेपेला वाढत गेलं. मेलेली बाई पस्तीस-चाळीस वर्षं कागदावर म्हातारी होत राहिली आणि जिवंत होती ती कुठेच नव्हती.

"तिच्या नावाची साखर आनली, राकेल आनलं," हौसाबाई म्हणाल्या. "त्याचं काय न्हाई. पर आता ती म्हंजी मीच, आसं लिवून दिलं तर ती मेली कुटं? ती कंदी हुतीच न्हाई, आसं हुतंय."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती आपले कागद मिटून ऐकत होती. करंदीकरबाईंनी स्वतःच्या टायपरायटरमधला कागद ओढून काढला, हे मला आठवतं. अर्धा टाइप झालेला कागद त्या कधी काढत नाहीत.

"मॅडम, दुसरा काही रस्ता?" राजेंद्रने विचारलं.

रस्ता होता. खरं लिहायचं : सुभद्रा ही पहिली पत्नी, ती मयत, मी हौसाबाई, दुसरी पत्नी. पण मग सुभद्रा मेल्याचा पुरावा, हौसाबाई आहेत याचा पुरावा, साक्षीदार, दाखले. माझ्या अंदाजाने चार महिने. आणि खोट्या कागदावर तीन-चार आठवड्यांत पासपोर्ट. मी दोन्ही सांगितलं.

हौसाबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. राजेंद्र त्यांच्यासमोर उकिडवा बसून हात जोडून काहीतरी बोलत होता. तासाभराने त्या टाक मुठीत धरून आत आल्या.

"माजी पोर वाट बगतीया, खरं हाय. पर तिच्यापाशी दवाखाना हाय, नवरा हाय, फोन हाय. हिच्यापाशी कोन हाय? खरं लिव."

राजेंद्र माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला वाचायला कुणी सांगितलं होतं?" दोन अनोळखी माणसांत होतात ते बहुतेक गैरसमज बोलल्याने मिटतात, असं म्हणतात. हा वाचल्याने सुरू झाला होता, आणि त्याच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं.

पुढचे दीड महिने मी कॉलेज बुडवून पुरावे गोळा केले. राजेंद्रने घरातलं कागदांचं गाठोडं आणून दिलं. त्यात मारुतरावांनी घेतलेल्या एका बैलाची बाजारपावती होती. रंग तांबडा, शिंगं पुढे वळलेली, कपाळावर पांढरा ठिपका, डाव्या कानाला चीर. आजही तो बैल समोर आला तर मी ओळखेन. सुभद्रासाठी आम्ही तहसीलला जन्ममृत्यूची जुनी नोंदवही काढायला लावली. गावच्या कोतवालाने ती लिहिलेली. नोंद सापडली : "मारुतीची बायको. वय अंदाजे वीस. कारण बाळंतपण." नाव नाही. मी कारकुनाला विचारलं, नाव का नाही. तो म्हणाला, "मॅडम, नवऱ्याचं आहे की." अगदी मनापासून म्हणाला. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता.

शेवटी पुरावा मिळाला तो हौसाबाईंनी आणलेल्या दोन म्हाताऱ्यांकडून. त्या सुभद्राच्या शेजारणी. त्यांनी तिला शेवटची अंघोळ घातली होती. "उंच हुती," एकजण म्हणाली. "पान्याला जाताना आमच्या म्होरं चालायची." दुसरीने सांगितलं, तिच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं. प्रतिज्ञापत्रात गोंदणाची गरज नसते. करंदीकरबाई स्वतः टाइप करत होत्या. त्यांनी ते घातलं, नोटरीवकील हसले तर बाई त्यांना म्हणाल्या, "शिक्का मारायला पैसे घेता ना तुम्ही? मग हसणं फुकट कशाला वाया घालवता?"

हौसाबाईंच्या प्रतिज्ञापत्राच्या वेळी मी सवयीने शाईचं पॅड पुढे केलं. त्यांनी पेन मागितलं. दुसरी शिकलेल्या बाईने "हौसा" अशी दोन अक्षरं नीट, पाटीवर काढावीत तशी काढली. मी विचारलं, मग इतकी वर्षं अंगठा का? त्या म्हणाल्या, "तितं माजं नाव कुटं हुतं?"

पासपोर्टला चौकशी लागली, ती पूर्ण व्हायच्या आत मंगल बाळंत झाली. शेवटी पोट फाडून बाळ काढावं लागलं, आणि तेव्हा तिच्याजवळ तिच्या नात्याचं कुणी नव्हतं, नवऱ्याला पोचायला उशीर झाला. हे मला तिनेच सांगितलं. चार-पाच दिवसांनी सकाळी तिने दुकानात फोन केला.

"वाचून दाखवणाऱ्या मॅडम तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"एक अंगठा द्यायचा होता आईला. मी इथे मरत होते. जी बाई मी कधी पाहिली नाही तिच्यासाठी तुम्ही माझी आई अडवून ठेवलीत."

मला सांगावंसं वाटलं, की अडवलं मी नाही. पण हे खोटं झालं असतं. आणि "ती बाई बाळंतपणातच गेली, तिचं नावही कुणी लिहिलं नाही" असं सांगणं क्रूर झालं असतं. मी "चुकलं" म्हटलं. काय चुकलं ते मला अजून सांगता येत नाही. तिने फोन ठेवला. मी त्या दिवशी कुणालाच मजकूर वाचून दाखवला नाही. संध्याकाळी बाई म्हणाल्या, "यवतमाळ, आज सहा अंगठे मुके गेले," आणि कॉम्प्युटरवर फडकं टाकून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा वाचायला लागले. पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत मी शेकड्यांनी "एकच व्यक्ती" केल्या. वाचून दाखवल्या, त्यांनी ऐकल्या, माना डोलावल्या. त्यांतल्या कितीजणी खरोखर एक होत्या? सगळ्यांनाच "न्हाई" म्हणता येत नाही. परीक्षेत मला त्या प्रश्नाचे पाचपैकी पाच गुण मिळाले. ते कुणाला परत करायचे, याचा कुठे रकाना नसतो.

हौसाबाईंचा पासपोर्ट आला, व्हिसाही झाला, तेव्हा नात तीन महिन्यांची झाली होती. निघायच्या आदल्या आठवड्यात त्या एकट्याच, दोन बस बदलून दुकानात आल्या. मला म्हणाल्या, "जायच्या आदी तिचं नाव कार्डावरनं काडायचं हाय. मेलेलं मानूस किती दिस रांगेत हुबं करायचं?"

मी त्यांच्याबरोबर रेशनच्या कचेरीत गेले. नाव कमी करण्याचा अर्ज घेतला आणि भिंतीला टेकून भरू लागले. कमी करावयाचे नाव : सुभद्रा. कारण : मृत्यू. त्याखाली रकाना होता, अर्जदाराचे मयताशी नाते. छापील पर्याय होते : पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. सवतीला जागा नव्हती. "इतर" असंही नव्हतं.

"मावशी, नातं काय लिहू?"

त्यांनी थोडा विचार केला. "थोरली भन लिव."

मी "बहीण"वर खूण केली. खिडकीतल्या माणसाने अर्ज घेतला, वर पाहिलं आणि विचारलं, "सख्खी?"

"व्हय," हौसाबाई म्हणाल्या.